पाच देशांचा एक शिक्का

युसरा आली ती एवढीशी बॅग खांद्याला अडकवून. चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या फहमिदाला आधी ती बॅग दिसली आणि मग पोरगी. फहमिदाचा भाऊ अफजल यायचा तेव्हा त्याचं सामान एका रिक्षात मावायचं नाही. अक्रोड, मधाच्या बरण्या, लोकरीचे जाड मोजे, आणि थोरल्या भाईजानसाठी न् त्यांचे भागीदार आप्पासाहेबांसाठी तिकडच्या उंच पांढऱ्या टोप्या. त्या टोप्या उस्मानपुऱ्यात काय, लासूर स्टेशनातही कुणी कधी डोक्याला लावल्या नाहीत. त्याच्या पोरीनं आणली होती ती विमानात पायाशी ठेवायची बॅग. ही राहायला आलेली नाही, फहमिदानं मनाशी म्हटलं.

"फुप्पी, लई वाळलात की तुम्ही!" युसरानं गळ्यात हात टाकले, आणि फहमिदाला भर गर्दीत रडू फुटलं.

चेहरा सगळा आईचा. रुंद गाल, बारीक डोळे, बर्फाळ वाऱ्यानं भाजलेली तांबूस कातडी. रिक्षावाला तिच्याशी हिंदीत बोलू की इंग्रजीत, अशा पेचात पडला होता. पण तोंड उघडलं की थेट लासूर स्टेशन. अफजल वैद्यकी शिकायला म्हणून बिश्केकला गेला, आयगुलशी निकाह करून तिथलाच झाला; पण लेकीशी तो जन्मभर मराठीत बोलला. म्हणायचा, "उर्दू तिला टीव्हीवरून येईल, रशियन शाळेत येईल. मराठी माझ्याखेरीज कोण देणार इथं?" लासूरला आप्पासाहेबांच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं. तिथल्या ओट्यावर तो जे बोलायला शिकला, तेच त्यानं हजारो कोसांवर नेऊन एका पोरीच्या जिभेवर ठेवलं. तो गेल्यावर त्या भाषेत तिच्याशी बोलणारं त्या शहरात कुणी उरलं नव्हतं. फोनवर फहमिदाच तेवढी होती.

अफजल गेला त्याला दोन हिवाळे झाले होते. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. भाईजानच्या आणि तिच्या व्हिसाचं जमेपर्यंत तिकडं माती होऊन गेली होती. फहमिदानं आपल्या खोलीत एकटीनं दुवा मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कारखान्याच्या लॅबमध्ये जाऊन बसली होती. दुसरं जायचं कुठं?

कारखाना जंतांच्या गोळ्यांचा. भाईजान, म्हणजे कय्युमभाई, आणि आप्पासाहेबांनी भागीत चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टाकलेला. सुरुवातीला जिल्ह्यातल्या दवाखान्यांपुरता होता, पण अफजल डॉक्टर झाला, डोंगरातल्या गावांमध्ये फिरला, आणि एकदा रात्रभराचा प्रवास करून घरी येऊन म्हणाला, "भाईजान, तिथं मेंढपाळांच्या पोरांच्या काळजात, लिव्हरमध्ये जंतांच्या गाठी होतात हो. मेंढी, कुत्रं आणि माणूस एकाच चुलीशी राहतात. आपल्या गोळीनं त्या पोरांचं ऑपरेशन टळेल. आणि आपली गोळी त्यांना परवडेल." तेव्हापासून कारखान्याचा बहुतेक माल तिकडं जायचा. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली फहमिदा गोळी तपासायची. तिनं ठीक म्हटल्याशिवाय खोका हलायचा नाही. लग्नाची बोलणी आली, मोडली, पुन्हा आली नाहीत. केस पांढरे झाले ते लॅबमध्येच.

आता अडचण अशी झाली होती, की युसराचा देश आणखी चार देशांबरोबर एका आर्थिक संघात होता. इतके दिवस औषधाची परवानगी ज्याची त्याची होती. आता पाचही देशांचा एकच शिक्का लागणार होता. संघाचे तपासनीस येणार, कारखाना बघणार, मगच गोळी सीमेच्या आत. इमारत जुनी, हवेचं यंत्र जुनं. ते सगळं नव्यानं उभारायचं म्हणजे नवा कारखानाच बांधायचा. मात्र एक फट होती. एखाद्या देशानं जोर लावला, तर जुन्या औषधांसाठी त्याला काही वर्षांची सवलत मिळू शकत होती. जोर कुणी लावायचा, तर तिथल्या अर्थ मंत्रालयानं. आणि त्या मंत्रालयात, संघाशी वाटाघाटी करणाऱ्या खात्यात, अफजलची पोर बसलेली.

"पोरगी घरचीच आहे," भाईजान कित्येक दिवस येईल त्याला सांगत होते. त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं.

जेवण शुक्रवारचं होतं, जुम्म्याच्या नमाजनंतर. नान-खलिया शहागंजातून मागवलेला. आप्पासाहेब लासूरहून सकाळच्या गाडीनं आले होते, सोबत हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी आणि हुरडा. पांढरं धोतर जाऊन आता त्यांची पँट आली होती, पण बोलणं तेच. युसराला समोर बसवून त्यांनी तिच्याकडं नीट निरखून पाहिलं.

"अफजलचं नाक हाय," ते म्हणाले. "बाकी समदं परमुलखातलं."

"बोलणं बी अब्बाचंच आहे, आप्पाचाचा."

"व्हय की गं! ऐका बाबा हिचं!" आप्पासाहेब इतके खूश झाले की त्यांनी हुरड्याची मूठच तिच्या ताटात रिकामी केली. भाईजान हसले. याह्या, भाईजानचा मुलगा, आता कारखान्याचं सगळं तोच बघायचा, तोही हसला. फहमिदा वाढत होती. तिला वाटलं, असंच चाललं तर किती बरं. कुणी विषयच काढला नाही तर.

पण भाईजानना दम निघेना. खलियात नान बुडवता बुडवता त्यांनी सुरुवात केली.

"बेटा, मला एक समजावून सांग. देश तुमचा, सरकार तुमचं, बीमार तुमचे. मग गोळी कोणती खायची ते बाकीचे चौघं कोण ठरवणारे?"

युसरानं हात थांबवला. "बडे अब्बा, संघात गेलो तेव्हाच ते ठरलंय. काही गोष्टी ज्याच्या त्यानं बघायच्या, काही पाचांनी मिळून. औषधं पाचांत गेली."

"मग सही केलीच कशाला?"

"आमच्याकडं कोणत्याही आळीत जा. घरटी एक माणूस रशियात आहे. कुणी बांधकामावर, कुणी टॅक्सीवर, कुणी झाडूकामाला. संघात आहोत म्हणून त्यांना कामाचं परमिट लागत नाही. बाहेर असतो तर पोलिसाला चुकवत फिरले असते. गावंच्या गावं त्यांच्या कमाईवर जगतात. सही नको म्हणायची ऐपत नव्हती आमची."

"ते ठीक आहे," याह्या मध्ये पडला. "पण सवलत मागायची सोय आहे ना? मी वाचलंय सगळं. फक्त तुमच्या मंत्रालयानं लावून धरायला पाहिजे."

"सोय आहे, याह्याभाई." तिनं पाण्याचा घोट घेतला. "पण लहान देशाला सगळं मागता येत नाही. आम्ही दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक जुन्या औषधांची सवलत. दुसरी कापडावरची जकात. बिश्केकात शिवणकामाचे कारखाने लई आहेत. तळघरात, गॅरेजात, जिथं जागा मिळंल तिथं बाया शिवतात. कापड येतं चीनमधून. संघाची जकात पाचांना एकच, ती पुरती लागू झाली की कापड महागतं आणि मशिनी बंद पडतात. आम्ही म्हटलं, ह्या दोन्हीत आमचं आम्हाला ठरवू द्या. ते म्हणाले, एकच धरा."

"आणि?" भाईजान म्हणाले.

"कापड धरलं."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. फहमिदाच्या हातात खलियाचं भांडं तसंच राहिलं.

"धरलं म्हणजे?" याह्यानं विचारलं. "झालं ते? ठरलं?"

"मागच्या आठवड्यात ठरलं. उद्या-परवा जाहीर होईल. फोनवर सांगायचं नव्हतं मला. समोर येऊन सांगायचं होतं."

"कुणी ठरवलं?"

"सही मंत्र्यांची. पण शिफारस माझी होती." युसरा एकेक शब्द नीट बोलत होती, शाळेत कविता म्हणावी तशी. "मलाच विचारलं होतं दोन्हीतलं कोणतं सोडायचं. मी औषधं सोडा म्हटलं."

भाईजाननी ताट थोडं पुढं सारलं. रागात ते कधी आवाज चढवत नसत. उलट बारीक करत. "तुला माहीत होतं हा कारखाना कुणाचा?"

"माहीत होतं."

"तुझ्या बापानं त्या गोळीसाठी डोंगर पालथे घातले, ते माहीत होतं?"

"मी त्यांच्या गाडीत मागं बसून जायची, बडे अब्बा. मला सगळी गावं माहीत आहेत. गोळी तिथं महाग होणार, तेही माहीत आहे. ते मी कागदावर लिहिलं. तरी कापडच म्हटलं. शिवणाऱ्या बायांना दुसरं काहीच नाही. गोळी बाकीच्या देशांतून तरी येईल."

"फहमिदा," भाईजान एकदम तिच्याकडं वळले, "तू बोल काहीतरी. तुझी तर हयात गेली त्या लॅबमध्ये."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. युसराही. त्या बारीक डोळ्यांत अफजल कुठंच नव्हता आणि तरी तोच बघत होता. फहमिदाला खूप बोलायचं होतं. पोरीनं अंग चोरलं नाही, हे बोलायचं होतं. माझं काय होणार, हेही बोलायचं होतं. तिनं हातातलं खलियाचं भांडं खाली ठेवलं.

"भाईजान, जेवण थंड होतंय," ती म्हणाली.

ते बोलून होताच तिला स्वतःची लाज वाटली. युसरानं नजर ताटाकडं वळवली.

आप्पासाहेबांनी मग घसा साफ केला. इतका वेळ ते नुसता हुरडा चावत होते. "कय्युमभाई, पोरीवर कशाला तापता? आमच्या लासूरच्या बाजारात कांद्याला जरा भाव आला की दिल्ली निर्यातीचं दार लावती. आपला देश तर कुणाच्या संघात नाय, कुणाला इचारायचं नाय. सरकार आपलंच. तरी माझं ऐकतं व्हय? शहरातल्या बाईच्या पिशवीत कांदा स्वस्तात पडला पाहिजे, म्हणून माझा चाळीत सडतो. वर बसणाऱ्याला कुणाचं तरी सोडावंच लागतं. ह्या खेपंला आपलं सोडलं."

"म्हणजे तुम्ही हिच्या बाजूनं?"

"मी कुणाच्या बाजूनं नाय. मी म्हणतो, झालं त्ये झालं. आता पुढचं बोलू. आपण दोघं बी म्हातारे झालो. माझी पोरं कारखान्यात येत न्हाईत. जागा मोक्याची हाय."

"तेच मी म्हणणार होतो," याह्या म्हणाला. म्हणाला तो फार पटकन. "अब्बा, शेजारच्या गोडाऊनवाल्यानं विचारलं होतं. त्यांना रस्त्यापर्यंतची जागा पाहिजे. आत्ता विकली तर चांगल्या तऱ्हेनं सुटू. मला तर पुण्यात..." तो थांबला.

"कधी विचारलं होतं?" भाईजाननी विचारलं.

"झालं थोडे दिवस."

"आप्पासाहेब, तुम्हाला माहीत होतं?"

आप्पासाहेबांनी डहाळ्याचा एक घाटा सोलला आणि दाणा तसाच बोटांत धरून ठेवला. "याह्या बोलला व्हता माझ्यापाशी," ते हळूच म्हणाले.

फहमिदाला तेव्हा कळलं, की या ताटांभोवती कारखाना हवा असलेली माणसं दोनच आहेत. एक भाईजान आणि एक ती. बाकीच्यांना फक्त नकार हवा होता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यायला हवा होता. पोरगी एवढ्या लांबून तो घेऊन आली, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. याह्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण खांदे सैल पडले होते.

भाईजाननाही ते कळलं असावं. पण मुलाला काय बोलणार? भागीदाराला, तेही चाळीस वर्षांच्या दोस्ताला, काय बोलणार? ओरखडा काढायला एकच जागा मोकळी होती.

"अफजल असता," ते युसराकडं न बघता म्हणाले, "तर त्यानं तुला ह्या घरात असं बोलू दिलं नसतं. त्यानं तुला मराठी शिकवली. माणुसकी शिकवायची राहिली."

युसरा उठली. ताटातला हुरडा तसाच होता. तिनं मोरीत जाऊन हात धुतले, ओढणीला पुसले, आणि परत येऊन आप्पासाहेबांना आणि भाईजानना वाकून सलाम केला. "मी आजच्या संध्याकाळच्या विमानानं दिल्लीला जाते, बडे अब्बा. तिकीट बदलून घेते." मग फहमिदाकडं वळून म्हणाली, "फुप्पी, जायच्या आधी मला कारखाना दाखवाल?"

दोघी रिक्षानं निघाल्या. जालना रोडवर उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या. युसरा बाहेरच्या पाट्या हळू आवाजात वाचत होती, लहान मूल वाचतं तशी अक्षरं लावत.

कारखान्यात शिफ्ट चालू होती. गोळ्या दाबायचं यंत्र खटखटत होतं. पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या बायांनी माना वर केल्या. मुक्ताबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. तोंडावरची पट्टी खाली ओढून ती सरळ पुढं आली.

"अफजलभाऊची का?"

"व्हय."

"अगं माय! मराठी बोलती!" मुक्ताबाईनं दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग टेबलाकडं ओढत नेलं. "ये, तुझ्या देशाचा माल बघ. ह्ये तुमचं अक्षर आम्हाला वाचता येत नाय, पण चुकलं की कळतं बघ. ह्येच्यात ह्यो उलटा आर असतो ना, त्यो एकदा छापणाऱ्यानं सुलटा छापला व्हता. म्या धरला. ताईंनी समदे खोके परत धाडले."

युसरानं खोक्यावरून बोट फिरवलं आणि त्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाया ऐकत राहिल्या. इतकी वर्षं हाताखालून गेलेल्या अक्षरांना आवाज असतो, हे त्यांना आज कळत होतं. "म्हंजी काय त्याचं?" मोनिका नावाच्या तरुण बाईनं विचारलं.

"लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, असं लिहिलंय."

बाया हसल्या. युसरा हसली नाही. "मावशी, तुम्ही इथं नसता तर काय काम केलं असतं?" तिनं मुक्ताबाईला विचारलं.

"मी? काय की. धुणंभांडी." मुक्ताबाईला प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. "का गं?"

"असंच."

फहमिदानं तिला लॅबमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. यंत्राचा आवाज बारीक झाला. वजनकाटा, काचेची भांडी, पाण्यात गोळी विरघळायला किती वेळ लागतो ते बघायचं यंत्र. खुर्ची एकच होती, कारण इथं दुसरं कुणी बसतच नसे. युसरा स्टुलावर टेकली.

"मी बोलायला हवं होतं मघाशी," फहमिदा म्हणाली.

"काय बोलल्या असत्या तुम्ही?"

फहमिदानं विचार केला. "माहीत नाही. मी एखादी गोष्ट पास म्हणते नाहीतर नापास म्हणते. ही दोन्ही आहे."

युसरानं मान हलवली. मग टेबलाच्या कडेशी बोटानं रेघ ओढत ती म्हणाली, "फुप्पी, ती गोष्ट अब्बाला माहीत होती."

"कोणती?"

"सवलतीची. तेव्हा नुसती चर्चा होती, पण त्यांना वास लागला होता. एका रविवारी त्यांनी गाडीतच विचारलं, तू त्या खात्यात आहेस, वेळ आली तर आपल्या गोळीचं बघशील ना? मी म्हटलं, अब्बा, ते मला विचारू नका. जे देशाला बरं ते मी लिहीन. ते काही बोलले नाहीत. मला घरापाशी सोडलं आणि गेले. दर रविवारी ते अन् अम्मी माझ्याकडं जेवायला यायचे. त्यानंतर अम्मी एकटीच यायची. म्हणायची, बापाला बरं नाही, बापाला काम आहे. पुरा हिवाळा असा गेला. मग एक दिवस दवाखान्यातून फोन आला."

यंत्राची खटखट थांबली होती. बाहेर चहाची सुट्टी झाली असावी. बायांचं बोलणं ऐकू येत होतं.

"माझ्याशी कुणी मराठी बोललं की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो," युसरा म्हणाली. "आणि तो आवाज शेवटी माझ्याशी बोललाच नाही. तुम्हाला ते फोन करायचे ना? त्या हिवाळ्यात? माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

फहमिदाला ते सगळे फोन आठवत होते. भावाला बर्फाचा कंटाळा आला होता. गुडघा दुखत होता. लॅबमध्ये नवा वजनकाटा आला का, असं त्यानं विचारलं होतं. लासूरच्या ओट्याची आठवण काढली होती, आप्पासाहेबांच्या आईच्या हातच्या धपाट्यांची काढली होती. पोरीचं नाव नव्हतं. एकदाही नव्हतं. फहमिदानं ते तेव्हा लक्षातही घेतलं नव्हतं; भाऊ बोलतोय यातच तिला सगळं मिळत होतं.

एक वाक्य पुरलं असतं. तो तुझ्यावर खूश होता, बेटा. पोर समोर बसली होती, तोंड थोडं उघडं, त्या वाक्याची वाट बघत. ते खरं की खोटं हे तपासायला जगात कुणी उरलं नव्हतं. फहमिदानं दोनदा श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल काही बोलला नाही तो. तुझं नावच काढलं नाही. मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही."

युसराचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, तिथं गोडाऊनची भिंत होती. "अम्मी रोज सांगते, अब्बानं माफ केलं होतं," ती म्हणाली. "रोज वेगळंच सांगते. कधी म्हणते झोपेत बोलले, कधी म्हणते माझा फोटो हातात घेऊन बसले होते. बरं झालं तुम्ही तसं नाही केलं." तिनं फहमिदाचा हात हातात घेतला. औषधांनी खरखरीत झालेला हात. "माझ्याकडं या ना तुम्ही. कारखाना बंद झाला की. उन्हाळ्यात तिथं लई बरं असतं."

"बघू," फहमिदा म्हणाली.

फहमिदाला रशियन येत नाही, किरगिझ येत नाही, थंडी सोसत नाही, आणि दिवसभर पोरगी ऑफिसात असणार. दोघींनाही ते ठाऊक होतं. तरी युसरानं पुन्हा म्हटलं, "या," आणि फहमिदानं पुन्हा म्हटलं, "बघू."

विमानतळाच्या दारात शिपायानं तिकीट मागितलं, फहमिदाला मागं थांबवलं. युसरानं काचेपलीकडून एकदा हात केला. गर्दीत तिच्यासारख्या चेहऱ्याचं कुणीच नव्हतं, त्यामुळं ती आत वळेपर्यंत लांबूनही ओळखू येत होती.

उस्मानपुऱ्यात परतली तेव्हा मगरीबची अजान होऊन गेली होती. आप्पासाहेब लासूरला निघून गेले होते. याह्या बायकोला घेऊन बाहेर गेला होता. दिवाणखान्यात सगळं आवरलेलं होतं, फक्त कोपऱ्यात हरभऱ्याची साल पडली होती. ती उचलून फहमिदा आपल्या खोलीकडं वळली, तर दारात भाईजान उभे. ते कधी तिच्या खोलीत येत नसत. काही हवं असेल तर जिन्यावरून हाक मारत.

"गेली?"

"गेली."

"जेवली काही?"

"नाही."

भाईजान आत आले आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण बसले ते शिक्षा झालेल्या पोरासारखे, हात गुडघ्यांच्या मध्ये धरून. "मला असं म्हणायचं नव्हतं," ते म्हणाले. "माणुसकीचं. याह्याला म्हणायचं होतं. आप्पाला म्हणायचं होतं. आप्पा माझ्याशी गेली चाळीस वर्षं एका ताटात जेवतोय, फहमिदा. त्यानं मला सांगितलं नाही."

फहमिदानं तांब्या उचलला. तिनं त्यांना पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. मग खरोखरच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "तू हुशार आहेस, तू सांग. त्या संघातनं त्यांना निघता येत नाही का? आमचं आम्ही बघतो म्हणायचं आणि बाहेर पडायचं."

"निघता येतं, भाईजान. कुणी बांधून नाही ठेवलेलं."

"मग?"

"मग एकटं राहायचं."

भाईजाननी मान खाली घातली. बाहेर गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल सुरू होता होत नव्हती. पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता.

"फोन लाव तिला," ते म्हणाले.

फहमिदानं लावला. तो बंद होता.

"विमानात असेल. दिल्लीला उतरली की लागेल."

"लावत राहा," भाईजान म्हणाले, आणि उठून वर जायचं सोडून पलंगावर मागं सरकून भिंतीला टेकून बसले. फहमिदानं दुसरी उशी त्यांच्या पाठीशी दिली, खुर्ची जवळ ओढली, आणि फोन दोघांच्या मध्ये ठेवला.